द्राक्षांच्या वाटेने सायकलीवरून

बडोद्याच्या नागरवाड्यात सायकल ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. अरुंद गल्लीतून घंटी वाजवीत शाळेला निघालेला मुलगा, कॅरिअरला डबा अडकवून कामावर जाणारा गृहस्थ, हँडलला भाजीची पिशवी लावून ती हाताने ढकलीत आणणाऱ्या आजी, अशी तिची नाना रूपे तेथे रोज दिसतात. परंतु ही सायकल सुटीत बरोबर घ्यावी आणि परमुलुखात चार दिवस सावकाश हिंडून यावे, हा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो. सुटी म्हटली की गाडीचे आरक्षण, देवदर्शनाची यादी आणि घड्याळाकडे पाहत केलेली धावपळ हेच ठरलेले. याहून वेगळ्या अशा एका प्रवासाची, म्हणजे नाशिकच्या द्राक्षप्रदेशातून वाटाड्यासह करावयाच्या सायकल सहलीची, ही ओळख आहे.

बडोदे आणि नाशिक यांचे नाते जुने आहे. इ. स. १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी गोपाळराव गायकवाड नावाचा एक मुलगा जन्मला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले, आणि पुढे सयाजीराव महाराज या नावाने त्याने १९३९ पर्यंत बडोद्याचे राज्य केले. शेतकऱ्याच्या घरातून निघालेले ते पोर ज्या जिल्ह्यातून आले, तोच जिल्हा आज द्राक्षांसाठी सर्व देशात ओळखला जातो. बडोद्याहून सुरत आणि डांगचे जंगल ओलांडीत सापुताऱ्याचा घाट चढावा, आणि पलीकडे वणी-दिंडोरीकडे उतरावे, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. सापुताऱ्याहून नाशिक अवघे ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहे.

द्राक्षबागांतून सायकलीने हिंडण्याची रीत युरोपात रुजली. इंग्लंडात सायकलस्वारांचा पहिला मोठा प्रवासी संघ १८७८ साली निघाला. कोठे उतरावे, कोठला रस्ता चांगला, कोठल्या खानावळीत सायकलवाल्याला आदराने वागवतात, ही माहिती तो सभासदांना पुरवी. पुढे जर्मनीने १९३५ साली आपल्या द्राक्षमुलुखातून जाणारा सुमारे ८५ किलोमीटरांचा एक मार्ग आखून त्याला मद्यमार्ग असे नाव दिले. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात १९५३ साली असाच सुमारे १७० किलोमीटरांचा मार्ग उघडण्यात आला. हे मार्ग गावागावांतून, डोंगरउतारांच्या कडेकडेने जातात. मोटारीतून जाणाऱ्याला तेथे एक हिरवा पट्टा सरकताना दिसतो. सायकलस्वाराला मात्र वेलीवरचा घड दिसतो, मातीचा वास येतो आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोलता येतात. या सहलीचे सगळे मर्म या मंद गतीत आहे.

नाशिककडे ही गोष्ट अलीकडे आली. खाण्याची द्राक्षे तेथे पुष्कळ वर्षांपासून होतात. वाइन, म्हणजे द्राक्षमद्य, तयार करण्याचा उद्योग मात्र नंतरचा. महाराष्ट्रात या उद्योगाची आधुनिक सुरुवात पुणे जिल्ह्यातील नारायणगावला १९८०च्या दशकात झाली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९९ साली सुला ही संस्था काढली, आणि तिची पहिली वाइन २००० साली बाहेर पडली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यानंतर गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, इगतपुरी आणि निफाड तालुक्यातील विंचूर येथे एकामागून एक कारखाने उभे राहिले. हे कारखाने पाहुण्यांना बाग दाखवितात, टाक्या दाखवितात आणि माहिती सांगतात. सायकल सहलीचे मुक्काम आखता येतात ते यामुळेच.

नाशिकच का, असा प्रश्न कोणीही विचारील. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. दिवसा लख्ख ऊन आणि हिवाळ्याच्या रात्री चांगला गारवा, असे हवामान येथे मिळते. उन्हाने फळात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने त्यातील आंबटपणा टिकतो. वाइनला ही दोन्ही हवीत. युरोपात बर्फाच्या दिवसांत वेल झोपी जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तोडणी होते. आपल्याकडे वेलाला तशी झोप नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या सुमारास, गोडी छाटणी. पहिल्या छाटणीने काडी तयार होते, दुसरीने त्या काडीवर घड येतो. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या महिन्यांत चालते. सायकल सहलीचा काळही तोच धरावा. हवा कोरडी, सकाळ थंड, आणि बागा फळांनी लगडलेल्या.

पाहुण्याची पहिली फसगत येथेच होते. बाजारात मिळणारी लांबट, बिनबियांची, पातळ सालीची द्राक्षे वाइनला वापरतात असे त्याला वाटत असते. वास्तविक वाइनची द्राक्षे लहान, गोल, जाड सालीची आणि बियांची असतात. शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लां अशी त्यांची परदेशी नावे. त्यांत गर कमी, पण साखर अधिक. ती चिरडली की किण्व नावाचा सूक्ष्म जीव रसातील साखर खातो आणि तिचे मद्यार्क व वायू यांत रूपांतर करतो. काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवला तर तांबडी वाइन होते, कारण रंग सालीत असतो. साली आधीच वेगळ्या काढल्या तर पांढरी. वाटाड्या हे सारे टाकीपाशी उभे राहून सांगतो आणि पाहुण्याच्या हातावर एक मणी ठेवतो. साल चघळून पाहिली की तिचा तुरटपणा जिभेला कळतो, आणि अर्धे शास्त्र तेथेच उमगते.

तीन दिवसांची सहल पुरेशी होते. पहिल्या दिवशी नाशिक शहरातून गंगापूर रस्त्याने निघावे. राघोबादादांच्या वास्तव्याशी जोडलेले आनंदवल्ली लागते, मग गोदावरीकाठचे सोमेश्वर, आणि पुढे गोवर्धन-गंगावऱ्ह्याकडे वळले की धरणाचे पाणी व द्राक्षांच्या रांगा एकाच वेळी दृष्टीस पडतात. हे अंतर एका बाजूने पंधरा किलोमीटरांच्या आसपास. नवशिक्याचे पाय मोकळे व्हायला ते योग्य. दुसऱ्या दिवशी दिंडोरीकडे, सुमारे पंचवीस किलोमीटर. या बाजूला मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची मोठी उत्पादक कंपनी आहे. एकट्यादुकट्या शेतकऱ्याला जी शीतगृहे व परदेशची बाजारपेठ परवडली नसती, ती अनेकांनी एकत्र येऊन कशी मिळविली, हे तेथे समजते. तिसऱ्या दिवशी सायकली गाडीत घालून निफाडपर्यंत जावे, कारण मोठ्या रस्त्यावरची रहदारी सायकलस्वाराला मानवत नाही. तेथून उसाच्या व द्राक्षांच्या शेतांमधून नांदूर मध्यमेश्वर गाठावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा पाणपसारा २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. थंडीत तेथे दूरदेशीची बदके उतरलेली असतात.

सावकाश सायकल हाकणारा माणूस तासाला बारा ते पंधरा किलोमीटर सहज जातो. पहाटे साडेसहाला निघाले आणि मध्ये चहाला थांबले, तरी दहाच्या आत दिवसाचे अंतर संपते. उन्हाची वेळ सावलीत, जेवणात आणि विश्रांतीत घालवावी. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची सायकल शर्यत जोडीने पुरी केली. त्या पराक्रमाबद्दल आदर बाळगावाच. पण सहलीला निघालेल्या गृहस्थाने त्यांच्या वेगाची बरोबरी करण्याचे कारण नाही.

वाटाड्याचे काम केवळ रस्ता दाखविणे नव्हे. तो सर्वांत मागे राहणाऱ्याच्या चालीने तांडा चालवितो. पंक्चर काढतो, साखळी बसवितो, पाणी केव्हा प्यायचे ते सांगतो. सामानाची व थकलेल्या माणसाची सोय म्हणून मागून एक गाडी येते. तीत बसण्यात कमीपणा नाही, हेही त्यालाच समजावून सांगावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या बागेत पाऊल टाकावयाचे आणि कोणत्या नाही, हे त्याला ठाऊक असते. औषध फवारलेल्या बागेतील घड तोडून तोंडात टाकणे धोक्याचे, आणि विचारल्यावाचून तोडणे ही तर सरळ चोरीच.

आता नागरवाड्यातील वडीलधाऱ्यांच्या मनातला प्रश्न. गुजरातेत मुंबई राज्याच्या १९४९च्या कायद्यापासून दारूबंदी आहे, आणि १९६० साली वेगळे राज्य झाल्यावरही ती पुढे चालू राहिली. अशा राज्यातील माणसाने वाइनच्या मुलुखात जाऊन करावयाचे काय? याचे उत्तर अवघड नाही. बाग पाहणे आणि पेला उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न पिणाऱ्याला ताजा द्राक्षरस मिळतो, आणि सहलीतले नऊ हिस्से त्याला पुरेपूर लाभतात. शिवाय द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाशी आपली ओळख नवी नाही. वैद्यांच्या कपाटातील द्राक्षासवाच्या बाटलीत आंबण्याच्या क्रियेनेच थोडा मद्यार्क तयार झालेला असतो, आणि मराठी बायबलातला द्राक्षारस हा शब्द ख्रिस्ती उपासनेतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आहे. औषध, उपासना आणि व्यसन यांतील भेद माणसाच्या विवेकाने ठरतो. ज्याला चव घ्यावयाची असेल त्याने दिवसाची सायकल ठेवून दिल्यावर, मुक्कामी, आणि बेताने घ्यावी. धंदेवाईक चव पाहणारे तर घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. मात्र परतताना बाटली पिशवीत घालून सापुतारा ओलांडू नये. परवान्यावाचून ती गुजरातेत आणणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे.

या सहलीत खरे शिकण्याजोगे आहे ते पेल्यात नसून बांधावर आहे. द्राक्षबाग हा वर्षभराचा जुगार आहे, आणि डाव एकदाच पडतो. मांडवाचा खर्च, छाटणीची मजुरी, भुरी आणि केवडा या रोगांवरची औषधे, हे सारे आधी घालावे लागते. पैसा येतो तो शेवटच्या दोन महिन्यांत. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड भागात अवकाळी पाऊस व गारपीट झाली, आणि वाढीला लागलेले घड काही घटकांत झोडपले गेले. कधी थंडी इतकी पडते की पिकू आलेले मणी तडकतात. तेव्हा शेतकरी रात्रभर जागून बागेत शेकोट्या पेटवतो. २०१० साली एका वाढनियंत्रक औषधाचा अंश सापडल्यामुळे युरोपात गेलेली द्राक्षे तेथेच अडकून पडली. त्यानंतर तपासण्या अधिक कडक झाल्या. वाइनच्या बागांना पुष्कळदा कारखान्याशी करार असतो, तेव्हा भाव आधी ठरतो. पण आभाळाशी करार कोणाचाच होत नाही.

मोटारीच्या काचेतून हे दिसत नाही. सायकल थांबवून एखाद्या शेतकऱ्याला या वर्षी पीक कसे आहे, असे विचारले, तर तो आधी आभाळाकडे पाहतो आणि मग बोलू लागतो. त्याने चहा पुढे केला तर घ्यावा. द्राक्षे विकत घ्यावयाची तर भावात ओढाताण करू नये. दोन किलोंमागे वाचलेल्या दहा रुपयांनी सहल श्रीमंत होत नाही.

चौथ्या दिवशी ही मंडळी नागरवाड्यात परततात, तेव्हा पोटऱ्या थोड्या दुखत असतात आणि पिशवीत मनुका व बेदाणे असतात. बाजारात लारीवर द्राक्षांचा ढीग दिसला की पूर्वी केवळ भाव विचारला जाई. आता ती कोणत्या तालुक्यातील, केव्हा तोडलेली, आणि यंदा तिकडे पाऊस कसा झाला, हेही विचारले जाते. लारीवाल्याला सगळी उत्तरे ठाऊक नसतात. पण घरातला मुलगा सायकल भिंतीला टेकवून तेथे उभा असतो, आणि गोडी छाटणी म्हणजे काय हे शेजारच्या काकांना समजावून सांगत असतो.