फाटा: एक शब्द, अनेक वाटा

मूळ अर्थ: मुख्य वाट, प्रवाह किंवा खोडापासून निघालेली शाखा, ती जिथून निघते ती जागाही. म्हणून फाट्याला गाव असावेच लागत नाही. पिंपरी-चिंचवडमधला 'नाशिक फाटा' नाशिकपासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे! जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला तिथे नाशिकचा रस्ता फुटतो.

वाक्प्रचारांत गल्लत नको
• फाटा फुटणे: शाखा निघणे.
• फाटे फोडणे: सरळ विषयात नसते मुद्दे काढणे.
• फाटा देणे: वगळणे, टाळणे. 'खर्चाला फाटा दिला' म्हणजे खर्च केला नाही.
• फाटाफूट: पक्षात किंवा गटात फूट पडणे.

नदी: उपनदी मुख्य नदीला मिळते, वितरिका तिच्यातून फुटते. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात धवळेश्वरमनंतर गौतमी आणि वसिष्ठा या मुख्य शाखांत विभागते.

कालवा: मुख्य कालवा, शाखा कालवा, वितरिका, लघु वितरिका आणि शेवटी शेताच्या बांधापर्यंत जाणारी चारी.

डोंगर: सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभू महादेव या सह्याद्रीपासून पूर्वेकडे गेलेल्या रांगा. पहिल्या दोहोंमध्ये गोदावरीचे खोरे, पुढच्या दोहोंमध्ये भीमेचे.

झाड: नारळाला सहसा फांद्या फुटत नाहीत. गुजरातच्या किनारी भागात आणि दीवमध्ये आढळणारा रावणताड मात्र वाढताना पुन्हापुन्हा दुभंगतो. वडाची पारंबी ही फांदी नव्हे. ते फांदीतून खाली येणारे मूळ.