पाय हलतो, पण कोणाच्या हुकमाने?

मानसशास्त्राच्या पुस्तकात मज्जासंस्थेचे प्रकरण आले की आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी पाने उलटण्याची घाई करतो. मी मात्र ते दोनदा वाचले, कारण घरात त्याची गरज होती. 2023 च्या पावसाळ्यात बदलापूरला एका इमारतीच्या परांचीवरून माझे काका पडले. पाठीचा मणका मोडला. पायांना साधे खरचटलेही नव्हते, तरी पाय लुळे पडले. असे का, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

आकृतीवरून उलगडा होईना, म्हणून उल्हासनगरच्या बाजारातून बकऱ्याचा भेजा आणि पाठीच्या मणक्यांचे तुकडे आणले. सस्तन प्राण्यांच्या मज्जासंस्थेचा आराखडा एकच. माणसाचा मेंदू सुमारे 1,350 ग्रॅमचा, बकऱ्याचा शंभर-सव्वाशेचा. भेजा शिजवण्यापूर्वी आई वरची रक्तवाहिन्यांची जाळी ओढून काढते, ती मेंदूची आतली आवरणे! खाली वळ्यावळ्यांचा मोठा मेंदू, मागे लहान मेंदू, आणि लंबमज्जेचा देठ, जो पुढे मज्जारज्जू होऊन मणक्यांच्या पोकळीतून जातो. सुरीने कापल्यावर मोठ्या मेंदूत करडा थर बाहेर आणि पांढरा भाग आत दिसतो. मज्जारज्जूत नेमके उलटे: करडा भाग आत, फुलपाखरासारखा, भोवती पांढरा. करडा भाग ही पेशींची वस्ती, पांढरा म्हणजे निरोप नेणाऱ्या तारा. मेंदूचा हुकूम या तारांतून उतरतो, करड्या पेशींना मिळतो आणि तिथून स्नायूंकडे जातो. काकांच्या तारा छातीमागच्या मणक्यांपाशी तुटल्या. हातापायांतला तुटलेला मज्जातंतू हळूहळू वाढू शकतो. मज्जारज्जूतल्या तारा मात्र अशा पुन्हा जुळत नाहीत.

काही आठवड्यांनी काकांचे पाय आपोआप झटके देऊ लागले. "अरे, पाय हलला बघ!" म्हणून काकूने अंबरनाथची आमची सारी चाळ गोळा केली. पेढे आणायचेच काय ते बाकी होते.

तुटलेल्या जागेच्या खालची करडी वस्ती जिवंत असते. कातडीला झालेला स्पर्श मागच्या मुळातून रज्जूत शिरतो आणि पुढच्या मुळातून स्नायूला हुकूम सुटतो. मुळांची ही वाटणी फ्रान्सच्या माजांदी यांनी 1822 मध्ये प्रयोगाने दाखवली. पुढे इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी मज्जारज्जू कापलेल्या कुत्र्यांवर काम केले. अशा कुत्र्याची कूस चाळवली की त्याचा मागचा पाय खाजवू लागतो. मेंदूला त्याचा पत्ताही नसतो. शेरिंग्टन यांना 1932 चे नोबेल पारितोषिक मिळाले. काकांचे झटके याच जातीचे.

हे काकूला सांगावे की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. शेवटी ताटलीत मणक्याचा तुकडा ठेवून आतली पांढरी दोरी दाखवली आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती.

"म्हणजे पाय जिवंत आहे ना?"

"आहे, काकू."

तेव्हापासून सांधे आखडू नयेत म्हणून ती सकाळ-संध्याकाळ काकांचे पाय स्वतः हलवते, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री गजर लावून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते. तिला कामाला जायचे असले की दुपारची पाळी माझी असते.