नागराजचा नेक्स्ट... व्हाया यवतमाळ?

‘झुंड’साठी नागराज मंजुळे नागपूरपर्यंत आला. तिथून यवतमाळ जेमतेम दीडशे किलोमीटर. मग त्याचा पुढचा मोठा पिक्चर कापसाच्या देशात का नको? थोडा अंदाज, थोडं गणित आणि बरीचशी इच्छा!

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन विषय हमखास रंगतात. एक, अप्रेझलमध्ये कुणाला किती मिळालं. दोन, कुणाचा पिक्चर येतोय. पहिल्या विषयात सगळे थापा मारतात, दुसऱ्यात सगळे एक्स्पर्ट असतात. त्यात नागराज मंजुळेचं नाव निघालं की बघायलाच नको. चहा गार होतो, पण ‘आता तो पुढे काय करणार?’ हा वाद काही गार होत नाही.

आजवरचा स्कोअर बघाल तर हा अंदाज बांधण्याचा खेळ आपण बहुतेक वेळा हरलोय. २०१६ मध्ये ‘सैराट’नं शंभर कोटींचा आकडा ओलांडला, तेव्हा सगळे म्हणाले की आता पार्ट टू येणार. हा पठ्ठ्या थेट अमिताभ बच्चन आणि फुटबॉल घेऊन आला! १९ फेब्रुवारी २०२० ला शिवजयंतीच्या मुहूर्तावर शिवछत्रपतींवर तीन सिनेमांची घोषणा झाली. रितेश देशमुख नायक, अजय-अतुलचं संगीत आणि दिग्दर्शक नागराज. टीझर बघून अंगावर काटा आला होता. पुढे २०२४ मध्ये ‘राजा शिवाजी’ची घोषणा झाली, तेव्हा दिग्दर्शनाच्या खुर्चीत स्वतः रितेश होता. दरम्यान २०२३ मध्ये नागराजनं ‘खाशाबा’ जाहीर केला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत ब्राँझ जिंकणाऱ्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची ही गोष्ट. आणि २०२४ मध्ये ‘मटका किंग’ या सीरिजची घोषणा झाली, विजय वर्माला घेऊन.

थोडक्यात, घोषणा म्हणजे पिक्चर नव्हे आणि अफवा म्हणजे घोषणा नव्हे. तरीही आम्ही एक पैज लावतोय. जाहीर झालेल्या कामांच्या पलीकडे त्यानं काय करावं, तर त्यानं यवतमाळला यावं. हसू नका, या पैजेमागे लॉजिक आहे.

नागराजचा फंडा

त्याचे सिनेमे ओळीनं बघितले की तीन गोष्टी दर वेळी सापडतात.

पहिली गोष्ट, गाव. त्याच्या सिनेमात गाव हे मागचं पोस्टर नसतं. ‘सैराट’मधून करमाळ्याची विहीर, ऊस आणि बोली काढा, काय उरतं? ‘धडक’वाल्यांनी २०१८ मध्ये तीच गोष्ट उदयपूरला नेली. तलाव सुंदर होते, कपडे सुंदर होते... पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

दुसरी गोष्ट, चेहरे. ‘फँड्री’चा जब्या झालेला सोमनाथ अवघडे, ‘सैराट’ची आर्ची झालेली अकलूजची रिंकू राजगुरू. दोघांनी त्याआधी सिनेमा केलेला नव्हता. ‘झुंड’मध्ये अमिताभच्या समोर नागपूरची पोरं उभी राहिली. त्यांच्यातल्या अंकुश गेडामनं २०२३ मध्ये फिल्मफेअरचं पदार्पणाचं पारितोषिक नेलं.

तिसरी गोष्ट, भिंत. त्याचा हीरो कायम भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असतो. ‘फँड्री’त ती जातीची आहे, ‘सैराट’मध्ये प्रेमाच्या आड येणारी आहे आणि ‘झुंड’मध्ये तर कॉलेज आणि झोपडपट्टीच्या मधे खरोखरचीच भिंत आहे.

आता हे तीन कॉलम मांडा आणि समोर यवतमाळ लिहा. मातीचं गाव? आहे. वऱ्हाडी, बंजारा, कोलामी अशा बोली? आहेत, आणि तेलंगणाच्या सीमेकडे गेलात तर तेलुगूचा तडकाही मिळेल. कॅमेऱ्यानं अजून न बघितलेले चेहरे? हजारो. भिंती? भाऊ, त्यांची तर काही कमीच नाही!

शिवाय विदर्भ त्याला परका नाही. ‘झुंड’ नागपूरचा. त्याआधी २०१८ मध्ये त्यानं निर्मिती केलेल्या, सुधाकर रेड्डी यक्कंटी दिग्दर्शित ‘नाळ’मधला चैत्या विदर्भाच्या बोलीत बोलतो आणि सगळ्या महाराष्ट्राला तो कळतो. म्हणजे ‘आमची भाषा पुण्या-मुंबईत कळणार नाही’ ही सबबही बाद.

पडद्यावरचं यवतमाळ

हा सगळा टाइमपास वाटत असेल, तर पुण्यात नोकरी करणाऱ्या यवतमाळच्या कुठल्याही पोराला किंवा पोरीला विचारा. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी कुणीतरी विचारतं, ‘तू कुठली?’ उत्तर ऐकल्यावर समोरचा दोन सेकंद गप्प होतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, ‘अच्छा... म्हणजे ते शेतकरी आत्महत्यावालं?’ सातारचा असेल त्याला कंदी पेढे विचारतात, कोल्हापूरच्याला तांबडा-पांढरा. यवतमाळवाल्याला मात्र मरण विचारतात.

हे आपोआप झालेलं नाही. वर्षानुवर्षं बातमी तीच होती आणि खरीही होती. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले २० हून जास्त शेतकरी-मजूर गेले. हे विसरायचं नाहीच. प्रश्न असा आहे की माणसं मरतात तेव्हाच कॅमेरा येतो.

सिनेमात काय झालं? सतीश मनवरचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ चा. विदर्भातला कापूस पिकवणारा किसना आणि तो जीव देईल या भीतीनं त्याच्यावर पाळत ठेवणारी त्याची बायको अलका. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघांनीही जान ओतलीय. विषय आत्महत्येचा, पण सिनेमा जगण्याचा आहे आणि मधेमधे चक्क हसवतो. बघितला नसेल तर या वीकेंडला बघाच.

मग आली वाघीण. पांढरकवडा-राळेगाव भागातली टी-१, म्हणजे अवनी. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले. तिला शोधायला हत्ती आणले, इटालियन जातीचे कुत्रे आणले, पॅराग्लायडर आणलं, एका महागड्या परफ्यूमचा वाससुद्धा आमिष म्हणून वापरला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीनं मेली. मागे दोन बछडे राहिले आणि देशभर भांडण पेटलं. अडीच वर्षांनी, जून २०२१ मध्ये, अमित मसुरकरचा ‘शेरनी’ आला, विद्या बालनला घेऊन. गोष्ट काल्पनिक होती, पण साम्य बघून प्रत्येकाला अवनीच आठवली. शूटिंग झालं मध्य प्रदेशच्या जंगलात. सिनेमा उत्तमच होता. पण आमच्या वाघिणीची आठवण करून देणाऱ्या पिक्चरमध्ये ना आमचं जंगल होतं, ना आमची बोली!

तीन स्टोऱ्या, एकदम रेडी

मग नागराजनं नेमकं काय करावं? आमच्याकडून तीन वन-लाइनर. फुकट!

१. शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, सुमारे ११३ किलोमीटरची नॅरोगेज. ब्रिटिश कंपनीनं कापूस वाहून न्यायला घातलेली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं, एकच इंजिन! देश स्वतंत्र झाला, तरी रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गरिबाची गाडी म्हणून लोकांनी तिच्यावर माया केली आणि मग ती बंद पडली. त्या गाडीत रोज भेटणारी दोन माणसं घ्या. लव्हस्टोरी आपोआप सुरू होते.

२. वॉकर. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली. पुढचे नऊ महिने तो चालतच राहिला. महाराष्ट्र, तेलंगण, पुन्हा महाराष्ट्र. शेतं, नाले, हायवे ओलांडत सुमारे ३००० किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. कशासाठी? स्वतःचा इलाका आणि जोडीदारीण मिळावी म्हणून. ज्ञानगंगेत इलाका मिळाला, पण वाघीण तिथे नव्हतीच. ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाडीनं पुण्याला येऊन वन-रूम-किचन शोधणाऱ्या, आणि मग वीकेंडला एकट्यानं मॅगी खाणाऱ्या कुठल्याही यवतमाळकराला ही गोष्ट आपलीच वाटेल.

३. तांड्यावरचा सीएम. ‘खाशाबा’च्या वाटेनं आणखी एक चरित्र करायचं असेल, तर वसंतराव नाईक. पुसदजवळच्या गहुलीत बंजारा कुटुंबात १९१३ साली जन्म. वकिली केली आणि १९४१ मध्ये नागपूरच्या ब्राह्मण घरातल्या वत्सला घाटे यांच्याशी प्रेमविवाह केला. त्या काळात! समाजात खळबळ माजली, पण दोघं डगमगले नाहीत. पुढे १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून जास्त काळ त्यांनी महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं. ‘सैराट’चा शेवट बघून थिएटरमध्ये सुन्न बसलेल्या आपल्याला, अशी जोडी जगतेही हे एकदा बघायला मिळायला हवं. आणि यातला कडवट भाग? त्यांचा वाढदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यानंच राज्याला कृषी दिन दिलाय. यापेक्षा मोठा ड्रामा कुठला पटकथाकार लिहिणार?

कापसाचा धागा

कुणी म्हणेल, हे सगळं ओढूनताणून आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या माणसाचा यवतमाळशी काय संबंध? मग ‘मटका किंग’कडे परत या. त्याचा नायक मुंबईतला कापसाचा व्यापारी आहे. खरा मटकाही कापसातूनच जन्मला. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे उघडायचे आणि बंद व्हायचे भाव मुंबईत तारेनं यायचे, त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले आणि नंतर चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढायची युक्ती निघाली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र तसेच राहिले.

म्हणजे धाग्याचं एक टोक मुंबईच्या सट्ट्यात आहे. दुसरं टोक कुठे असेल? पऱ्हाटीच्या शेतात. मुंबईत कापसाच्या भावावर लोक हौसेनं पैसे लावत होते. यवतमाळचा शेतकरी मात्र त्याच भावावर दर हंगामात घर, बैल आणि पोरीचं लग्न लावतो. मटका बेकायदा आहे, पऱ्हाटी कायदेशीर आहे, एवढाच काय तो फरक! नागराजनं धाग्याचं एक टोक हातात घेतलेलंच आहे. दुसरं पकडायला फक्त इकडे यायचंय.

आणि तो नाहीच आला तर?

आता शेवटची गोष्ट, जरा सिरियसली. आमची पैज आम्ही बहुतेक हरणार. दिग्दर्शक लोकांच्या पैजांवर पिक्चर काढत नाहीत आणि नागराज तर नाहीच नाही.

पण जेऊरचं काय झालं होतं ते आठवा. ‘फँड्री’च्या आधी त्या भागात कुठला नामवंत दिग्दर्शक गोष्ट शोधत आला नव्हता. तिथल्याच वडार समाजातल्या एका मुलानं मराठीत एमए केलं, तेव्हाच्या अहमदनगरला जाऊन मास कॉमचा कोर्स केला आणि तिथे ‘पिस्तुल्या’ नावाची शॉर्टफिल्म बनवली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचा इतिहास आपण तिकीट काढून बघितला. जेऊरला नागराज मिळाला नाही, जेऊरनं तो घडवला.

आज यवतमाळ, वणी, पुसद, दारव्ह्याच्या कॉलेजांतल्या पोरांच्या खिशात ‘पिस्तुल्या’च्या वेळी नागराजला स्वप्नातही दिसला नसता असा कॅमेरा आहे. रिल्स तर सगळेच बनवतात. त्यातला एखादा कधीतरी तीस सेकंदांऐवजी पंधरा मिनिटं थांबेल. आपल्या बापाला, तांड्यावरच्या आजीला, किंवा गवत उगवलेल्या नॅरोगेजच्या रुळांना नीट बघेल. आणि मग पुण्याच्या ऑफिसात ‘तू कुठली?’ या प्रश्नावर आवाज खाली जाणार नाही. समोरचा म्हणेल, ‘अरे, त्या पिक्चरवालं यवतमाळ?’

तोवर कॅन्टीनमधली चर्चा चालू द्या. फक्त ‘नागराजचा नेक्स्ट कोणता?’ यासोबत आणखी एक प्रश्न विचारत जा. नेक्स्ट नागराज कोण? आमची पैज पऱ्हाटीकडच्या एखाद्या पोरावर. किंवा पोरीवर!