जुन्या माइकचा सौदा: घरगुती रेकॉर्डिंगचे सेकंड हँड सामान कसे घ्यावे, कसे जपावे

मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत आता घरातल्याच एका खोलीत माइक लावून रेकॉर्डिंग करणारी मुले दिसू लागली आहेत. कोणी नात रेकॉर्ड करतो, कोणी तकरीर, कोणी क्लासचे धडे, तर कोणी रिक्षावर वाजवायची दुकानाच्या सेलची जाहिरात. ताके मोजण्यात उमर गेलेल्या बापाला हा धंदा वाटत नाही, पण पैसे मागायला मुलगा त्याच्याकडेच येतो. नवे सामान घ्यायचे तर रक्कम मोठी होते, म्हणून जुने शोधले जाते. आणि जुन्या मालात ज्याला ऐब ओळखता येत नाही, त्याची रक्कम बुडते.

आम्ही कापडाचे व्यापारी. परंतु जुने माग, जुन्या मोटारी, जुनी वार्पिंग मशीन यांचे सौदे आम्ही उभी हयात पाहत आलो आहोत. घरच्या एका मुलाने हा उद्योग सुरू केल्यावर त्याच्याबरोबर बसून या सामानाची पारख आम्ही शिकून घेतली. व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल तेवढे येथे देत आहोत. वाद्यांविषयी मतभेद आहेत, तो प्रश्न आलिमांचा. आमचे बोलणे आवाज टिपणाऱ्या यंत्रांपुरते आहे.

सुरुवातीला लागते फार थोडे. एक माइक, माइकचा आवाज संगणकात नेणारी डबी (हिला इंटरफेस म्हणतात), कानावर लावायचा चांगला हेडफोन, एक स्टँड, दोन केबल आणि घरात असेल तो संगणक. मिक्सर, मोठे स्पीकर, किबोर्ड हे सगळे नंतर. एकदम गाडीभर सामान विकणारा भेटला की मुले हुरळून जातात. त्यातले निम्मे सामान वर्षभर कपड्याखाली झाकून पडते आणि त्याची किंमत मात्र रोज उतरत राहते.

खोली आधी, सामान नंतर

खोली घुमत असेल तर महागातला माइकही घुमलेलाच आवाज टिपतो. येथे आमच्या धंद्याचे ज्ञान कामाला येते. पातळ पडदा काही कामाचा नाही. जाड, वजनदार कापड, कापसाच्या रजया, गालिचा, गाद्या हे आवाज शोषतात. रजई भिंतीला चिकटवून न लावता चार बोटे अंतर सोडून टांगली तर तीच रजई जास्त काम करते. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. रजई खोलीतला घुमारा कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही. शेजारच्या कारखान्यातल्या मागाची धडधड तर जमिनीतून आणि भिंतीतून येते, तिला कापड रोखूच शकत नाही. स्टँडच्या पायाखाली जाड रबराचे तुकडे ठेवल्याने थोडा फरक पडतो. खरा इलाज वेळ निवडण्याचा आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. आमच्या घरचा मुलगा महत्त्वाचे काम त्याच दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर करतो.

माइकची पारख

माइक मुख्यतः दोन जातींचे. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकात हलते. हा दणकट, दमटपणाला फारसा न डगमगणारा. तोंडाजवळ धरून वापरायचा असल्यामुळे आजूबाजूचा गोंगाट कमी घेतो. यंत्रमागाच्या गावात, पहिल्या खरेदीला, आमच्या मते हाच घ्यावा. कंडेन्सर माइक जास्त बारकावे टिपतो, पण त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि तो माणसाबरोबर पंखा, रस्ता, शेजारचा प्रेशर कुकर सगळेच टिपतो.

डायनॅमिकमध्ये शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक. जगभर खपतो म्हणून त्याच्या नकलाही तेवढ्याच. जुन्या बाजारात हा माइक फार स्वस्त मिळाला तर खूश होण्याऐवजी सावध व्हावे. खऱ्या माइकचे वजन केबलशिवाय २९८ ग्रॅमच्या आसपास असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात काटा आहेच, त्यावर ठेवून पाहावा. बराच हलका भरला तर सौदा तेथेच सोडावा. पण वजन बरोबर भरले म्हणजे माल खरा, असेही नाही; नकल करणारे आत वजन घालू शकतात. म्हणून ओळखीच्या कोणाकडचा खात्रीचा माइक शेजारी ठेवून, एकाच माणसाने, एकाच अंतरावरून, दोन्हींवर बोलून पाहावे. फरक कानाला कळतो. वरची जाळी चेपलेली असणे हा मोठा ऐब नाही, जाळी बदलता येते. माइक हळू हलवला आणि आत काही खुळखुळले, तर तो मात्र घेऊ नये.

कंडेन्सर जुना घेताना हेडफोन लावून, कोणी न बोलता, पाच मिनिटे नुसती शांतता ऐकावी. कढईत तेल तडतडावे तसा आवाज मधून मधून येत असेल तर आत दमटपणा शिरला आहे किंवा पडद्यावर घाण बसली आहे. विकणारा म्हणेल, गरम झाल्यावर जाईल. जातो कधी कधी, पण पुढच्या पावसाळ्यात परत येतो. त्याचा पडदा इतका नाजूक असतो की घरी साफ करण्याचा विचारही करू नये. माइक चालू आहे का हे पाहण्यासाठी त्यावर फुंकर मारण्याची किंवा बोटाने ठोकण्याची जी सवय आपल्या जलशांमध्ये पडली आहे, ती येथे चालत नाही.

इंटरफेस: येथे सर्वांत जास्त फसगत

माइक वीस वर्षांचा असला तरी चालतो. इंटरफेसचे तसे नाही, कारण तो संगणकावर अवलंबून आहे. डबी वरून नवी कोरी दिसते, दिवे लागतात, पण कंपनीने तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाशी बोलणारा प्रोग्राम, नव्या विंडोजसाठी बनवणे बंद केलेले असते. मग ती डबी निरुपयोगी. विशेषतः फायरवायर नावाच्या जोडणीचे जुने इंटरफेस फार स्वस्तात मिळतात. त्या काळी ते महाग आणि उत्तम होते, पण तशी जोडणी आजच्या नव्या संगणकांत नसते. जुना संगणक राखून ठेवणारा जाणकार असेल तर गोष्ट वेगळी. इतरांनी यूएसबीचाच घ्यावा, आणि पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे की नाही हे स्वतः पाहावे.

तपासायला जाताना आपला लॅपटॉप, आपला माइक, आपली केबल आणि आपला हेडफोन न्यावा. विकणाऱ्याच्या सामानावर त्याचे सामान तपासण्यात अर्थ नाही. प्रत्येक इनपुटला माइक लावून पाहावा, एकच चालते आणि दुसरे मेले आहे असे पुष्कळदा निघते. ४८ व्होल्टचे बटण चालते का, प्रत्येक खुंटी फिरवताना खरखर येते का, हेडफोनचे दोन्ही कान वाजतात का, हे पाहावे. यूएसबीचे तोंड बोटाने हलक्या हाताने हलवावे. तेवढ्याने जोडणी तुटत असेल तर नको म्हणावे, कारण ही जागा दुरुस्त केली तरी भरवसा राहत नाही. शेवटी अर्धा तास सलग रेकॉर्डिंग करून ऐकावे. यंत्र तापल्यावर जे ऐब बाहेर येतात ते दोन मिनिटांच्या तपासणीत दिसत नाहीत. विकणाऱ्याला घाई असेल तर आपण घाई करू नये.

परदेशातून आणलेल्या सामानाची मागची पट्टी वाचावी. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. फक्त १०० किंवा १२० लिहिलेले यंत्र सरळ आपल्या सॉकेटला लावले तर त्याचा कारभार तेथेच संपतो. वेगळा अ‍ॅडॉप्टर असेल तर व्होल्ट, अँपिअर आणि पिनचे अधिक-उणे, तिन्ही जुळले पाहिजेत. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर जुळला, असे समजणारे फार आहेत.

स्पीकर घेतलेच तर त्याच्या शंकूभोवतीची कड पाहावी. ती फोमची असेल तर वर्षांनी आपोआप भुगा होते, आपल्या दमट हवेत लवकर होते. रबराची किंवा कापडाची कड टिकते. चारही बाजूंनी बोटांनी सारखे दाबून शंकू हलकेच आत ढकलावा. घासल्याचा आवाज आला तर आतले वेटोळे सरकले आहे. कड बदलता येते, वेटोळेही बदलता येते, पण ती मजुरी सौद्यातून वजा झाली पाहिजे. हेडफोनच्या गाद्या फाटलेल्या असणे किरकोळ. सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१ पासूनचा हेडफोन जुना झाला तरी घेण्यासारखा राहतो तो याचमुळे, की त्याच्या गाद्या वेगळ्या मिळतात.

भाव आणि पावती

विकणारा सांगतो, मी एवढ्याला घेतला होता. त्याने केव्हा, केवढ्याला घेतला याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आज नवा केवढ्याला मिळतो तेथून खाली मोजावे, दुरुस्तीचा खर्च वजा करावा, आणि सहा महिन्यांनी आपल्याला तो विकावा लागला तर काय येईल याचा अंदाज धरावा. चांगला डायनॅमिक माइक ग्रे कापडासारखा आहे, भाव फारसा पडत नाही. इंटरफेस आणि संगणक फॅशनच्या मालासारखे, हंगाम गेला की गिऱ्हाईक नाही. भाड्याने सामान देणाऱ्या साउंडवाल्याकडचा माल लग्ना-जलशांमध्ये आपटलेला असतो. हौसेने घेऊन कंटाळलेल्या माणसाकडचा माल बहुधा जास्त चांगला.

आपल्या फिकहमध्ये ऐब लपवून माल विकणे नाजायज आहे, आणि छुपा ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क, खियारे ऐब, गिऱ्हाइकाला आहे. त्याशिवाय सौदा ठरतानाच पसंतीसाठी मुदत मागता येते, तिला खियारे शर्त म्हणतात. हनफी मतानुसार ती तीन दिवसांची. या सामानासाठी तीन दिवस अगदी पुरेसे आहेत, म्हणून ही अट जरूर घालावी. मात्र ती कागदावर लिहून घ्यावी. देशाच्या १९३० च्या माल विक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम घेणाऱ्याने पाहून घ्यावे असाच आहे, आणि तोंडी वायदा नंतर सिद्ध होत नाही. पावतीवर यंत्राचा सिरियल नंबर, विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सही हवी. मूळ बिल मागावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि बिल नसलेला, अर्ध्या किमतीचा, घाईने विकला जाणारा माल घेऊन "आम्हाला ठाऊक नव्हते" म्हणणे सोपे नसते. न पाहता, कुरिअरने मागवून, आधी पैसे पाठवण्याचा सौदा तर करूच नये.

घरी आणल्यावर

आपल्या गावांत यंत्राचा पहिला दुश्मन कापसाची रुई. ती मिक्सरच्या सरकत्या खुंट्यांत, इंटरफेसच्या छिद्रांत बसते आणि दमटपणा धरून ठेवते. काम झाल्यावर सामान झाकावे, पण सैल विणीच्या, स्वतःच रुई सोडणाऱ्या सुती कपड्याने नव्हे. घट्ट विणीचे सिंथेटिक कापड बरे. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये, त्या हवेत पाणी आणि तेल असते. मऊ ब्रश पुरतो. खुंटी खरखरू लागली तर कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून जो स्प्रे मिळतो तोच, वीज काढून, थोडासा मारावा आणि खुंटी वीस-पंचवीस वेळा फिरवावी. मागाला घालायचे तेल किंवा रॉकेल घातले तर दोन दिवस खुंटी गुळगुळीत फिरते, मग धूळ चिकटून कायमची जाते.

पावसाळ्यात माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. पुड्या ओलावा पिऊन भरल्या की बदलाव्यात. डायनॅमिक माइकची जाळी उघडून, आतल्या फोमसकट सौम्य साबणाच्या पाण्याने धुता येते, पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. बोलताना थुंकी आणि 'प', 'फ' चा धक्का माइकवर येऊ नये म्हणून पुढे जाळी हवी. ती विकत घेण्याची गरज नाही. भरतकामाच्या रिंगेत नायलॉनचे पातळ कापड ताणून बसवले की झाली.

४८ व्होल्ट बंद केल्याशिवाय माइक काढू-घालू नये. स्पीकर सर्वांत शेवटी चालू आणि सर्वांत आधी बंद करावे. गुणगुण येत असेल तर अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचे ऐकू नये. त्यात जीव जाऊ शकतो. सगळे सामान एकाच बोर्डावरून चालवावे आणि घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. आमचा तजुर्बा असा की निम्म्या तक्रारी यंत्राच्या नसतात, केबलच्या असतात. केबल कोपरावर पीळ देत गुंडाळू नये. मुंबईला जाणे झाले तर लॅमिंग्टन रोडवरून केबल मीटरने आणि टोके वेगळी आणावीत, डाग मारायला घरच्या मुलाने शिकावे.

जाता जाता एका कामाविषयी. लोकांच्या घरांत मुशायऱ्यांच्या, तकरिरींच्या, गेलेल्या बुजुर्गांच्या आवाजाच्या कॅसेटी पडून आहेत, आणि वाजवायला यंत्र नाही. जुना चांगला कॅसेट डेक मिळाला तर हे काम घरी होते. डेकमधले रबरी पट्टे सैल झालेले किंवा वितळलेले असणार असे धरूनच चालावे. ते बदलून मिळतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसावे, रबरी चाकाला मात्र साबणाचे पाणीच बरे. डेकची जोडणी इंटरफेसच्या लाइन इनपुटला करावी, माइकच्या इनपुटला केली तर आवाज फाटतो. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, म्हणून दर कॅसेटवर न ठेवता तासावर ठेवावा.