मोदेस्ता वालेन्ती मार्ग, रोम

रोम महापालिकेच्या दफ्तरात 'व्हिया मोदेस्ता वालेन्ती', म्हणजे मोदेस्ता वालेन्ती मार्ग, या नावाचा एक रस्ता नोंदलेला आहे. त्यावर एकही घर वा दुकान नाही आणि शहरभर हिंडले तरी तो पायाखाली येणार नाही. कारण ज्यांना राहायला जागा नाही अशा माणसांना कायदेशीर पत्ता मिळावा, एवढ्यासाठीच तो २००२ साली कागदावर निर्माण करण्यात आला. ज्या स्त्रीचे नाव त्याला दिले आहे ती ना राज्यकर्ती होती ना कलावंत; ती रोमच्या रेल्वे स्थानकाच्या परिसरात राहणारी एक वृद्ध बेघर बाई होती. तिचे नाव शहराच्या स्मरणात टिकले याचे मोठे श्रेय 'सांत एजिदिओ' या ख्रिस्ती स्वयंसेवकांच्या संघटनेला आहे. बेघर माणसाला अन्न, वस्त्र आणि निवारा हवाच असतो, परंतु त्याच्याही आधी त्याला कोणीतरी नावाने ओळखणारे हवे असते, या जाणिवेवर या संघटनेने आपले काम उभारले, आणि त्यातूनच पुढे शहराच्या कारभारात काही प्रत्यक्ष बदल घडून आले.

संघटनेचा आरंभ ७ फेब्रुवारी १९६८ रोजी झाला. संस्थापक आंद्रेआ रिक्कार्दी त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे शाळकरी विद्यार्थी होते. कॅथलिक चर्चला आधुनिक जगाकडे नव्याने पाहायला लावणारी दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) नुकतीच होऊन गेली होती आणि युरोपभर विद्यार्थ्यांच्या आंदोलनांचे वारे वाहत होते. रिक्कार्दी आणि त्यांच्या मित्रांनी एकीकडे शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूच्या चरित्राचे आणि शिकवणुकीचे, सामूहिक वाचन सुरू केले, तर दुसरीकडे ते शहराच्या कडेला पसरलेल्या झोपड्यांमध्ये जाऊ लागले. दक्षिण इटलीतून पोटासाठी आलेली कुटुंबे तिथे पत्र्याफळ्यांच्या आडोशाने राहत होती. त्यांच्या मुलांसाठी या तरुणांनी दुपारची शाळा चालवली. १९७३ मध्ये त्यांना त्रास्तेवेरे या टायबर नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत कार्मेलाइट जोगिणींचा रिकामा पडलेला मठ मिळाला. तो संत एजिदिओ यांच्या नावाचा होता आणि तेच नाव संघटनेला चिकटले. व्हॅटिकनने १९८६ मध्ये तिला प्रापंचिकांची, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या सामान्य भाविकांची, संघटना म्हणून मान्यता दिली. तिचे बहुसंख्य सदस्य आपापल्या घरी राहतात, नोकरी-व्यवसाय करतात, संसार सांभाळतात आणि उरलेल्या वेळात विनामोबदला सेवा करतात. मोझांबिकमधील दीर्घ यादवी युद्ध संपवणारा करार ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये झाला तो या संघटनेच्या मध्यस्थीने, आणि त्यामुळे तिचे नाव जगभर पोहोचले. तरी वर्षानुवर्षे त्याच फलाटांवर त्याच माणसांना भेटत राहण्याचे जे चिवट काम तिने केले, ते कमी मोलाचे मानण्याचे कारण नाही.

मोदेस्ता वालेन्ती यांचा मृत्यू ३१ जानेवारी १९८३ रोजी झाला. त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि तेर्मिनी या रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ उघड्यावर राहत. त्या दिवशी त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली तेव्हा रुग्णवाहिका बोलावण्यात आली, ती आलीही. परंतु अंगावर उवा असल्यामुळे त्यांना गाडीत घ्यायला नकार दिला गेला, आणि त्यांना न्यायचे कोणी हा प्रश्न लोंबकळत असतानाच, काही तासांनी, त्यांनी तिथेच प्राण सोडला. उपचार करणारे, वाहून नेणारे आणि भरती करून घेणारे असे सगळे शहरात असताना एक माणूस केवळ अस्वच्छतेच्या कारणावरून त्या सर्वांच्या हद्दीबाहेर राहिला, हे या घटनेतले भयंकर सत्य आहे. सांत एजिदिओच्या तरुणांची आणि त्यांची ओळख होती. त्यामुळे बातमीत 'एक अनोळखी वृद्धा' म्हणून त्यांचा शेवट होऊ न देता या मंडळींनी त्यांचे नाव धरून ठेवले. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास होणाऱ्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, रोमच्या रस्त्यावर मरण पावलेल्यांची नावे एकामागून एक वाचली जातात आणि प्रत्येक नावासाठी मेणबत्ती लावली जाते. रस्त्यावरील कित्येकांसाठी स्वतःचे नाव असे आदराने उच्चारले जाण्याचा हा बहुधा एकमेव सार्वजनिक प्रसंग असतो, आणि ज्यांचे मित्र गेले असे बेघर लोकही त्याला आवर्जून येतात.

या स्मरणाला कायदेशीर रूप कसे आले हे समजून घेण्यासाठी इटलीतील 'रेसिदेन्त्सा', म्हणजे नगरपालिकेच्या नोंदवहीतील अधिकृत रहिवास, ही व्यवस्था पाहावी लागते. ओळखपत्र, मतदान, सामाजिक साहाय्य, निवृत्तिवेतन, सरकारी आरोग्यसेवेतला कुटुंब-डॉक्टर, या साऱ्यांचा मार्ग त्या नोंदीतून जातो. रहिवासाचा दाखला नाही म्हणून शिधापत्रिका नाही आणि शिधापत्रिका नाही म्हणून दाखला नाही, या चक्रात अडकलेली माणसे महाराष्ट्रातील वाचकाने पाहिलेली असतातच. रोममधला प्रश्न त्याच जातीचा आहे. १९५४ च्या लोकसंख्या-नोंदणी कायद्याने बेघर माणसालाही त्याचा वावर असलेल्या गावात नोंद करून घेण्याचा अधिकार दिला होता, परंतु अर्जावरचा पत्त्याचा रकाना रिकामा ठेवून नोंद होणार कशी, ही अडचण कायम होती. काही सेवासंस्थांनी आपल्या केंद्रांचे पत्ते यासाठी वापरू दिले, त्यात सांत एजिदिओही होती. पुढे महापालिकेने एक काल्पनिक रस्ताच निर्माण केला आणि त्याला मोदेस्ता वालेन्ती यांचे नाव दिले. उपचाराविना गेलेल्या स्त्रीच्या नावाने हजारो बेघरांना डॉक्टरपर्यंत पोहोचण्याचा हक्क मिळाला. अर्थात हा मार्गही सोपा नाही, कारण अर्ज, मुलाखती आणि हेलपाटे यांतून मानसिक आजाराने खचलेला किंवा कागदपत्रे चोरीला गेलेला माणूस एकट्याने पार पडत नाही. तिथे त्याच्यासोबत खिडकीपर्यंत जाणारा स्वयंसेवक लागतो. रहिवासाची नोंद नसलेल्या बेघरांनाही कुटुंब-डॉक्टर मिळावा यासाठी इटलीच्या संसदेने २०२४ मध्ये मोठ्या महानगरांपुरता प्रायोगिक कायदा केला, म्हणजे मोदेस्ता यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी.

प्रत्यक्ष कामाचा गाभा दिसायला साधा आहे. आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या ठिकाणी स्वयंसेवकांचे छोटे गट संध्याकाळी निघतात. तेर्मिनी आणि इतर स्थानके, नदीवरील पूल, व्हॅटिकनजवळचे रस्ते, जिथे जिथे माणसे रात्र काढतात तिथे ते जातात. त्यांच्याकडे गरम जेवण, पाणी, थंडीत पांघरुणे असतात, परंतु वाटप उरकून निघून जाणे हा उद्देश नसतो. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला बूट आणि पिशवी चोरीला जाण्याची धास्ती असते, हुसकावले जाण्याची सवय झालेली असते, आणि मदतीच्या नावाखाली येणारे लोक पुन्हा फिरकत नाहीत असा अनुभवही असतो. तो पहिल्या भेटीत पाठ फिरवतो, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत फक्त जेवण घेतो, आणि बऱ्याच काळानंतर एखाद्या दिवशी आपले नाव सांगतो. त्यानंतरच जखमेवर पट्टी बांधणे, दवाखान्यात नेणे, हरवलेल्या भावाला पत्र लिहिणे शक्य होते. म्हणून त्याच वारी, त्याच वेळी, पावसातही न चुकता पोहोचणे याला इथे स्वयंपाकाइतकेच महत्त्व आहे.

दुसरे अंग आहे पंगतीचे. १९८२ च्या नाताळात त्रास्तेवेरे येथील संत मारियेच्या प्राचीन बॅसिलिकेत, बाराव्या शतकातील सोनेरी मोझेइक चित्रांच्या सान्निध्यात, टेबले मांडून सुमारे वीस गरीब माणसांना जेवायला बसवण्यात आले. त्यांतली काही वस्तीतली एकटी म्हातारी माणसे होती, काही बेघर होती. उपासनेची जागा जेवणघर करणे काहींना खटकण्याजोगे होते; परंतु ज्या वेदीसमोर भाकरीचा संस्कार होतो तिच्यासमोर भुकेल्याला भाकर वाढणे हा त्या संस्काराचाच विस्तार आहे, अशी या मंडळींची धारणा होती. आता ही नाताळची पंगत अनेक देशांतल्या शहरांत बसते, टेबलावर कापड अंथरले जाते, आणि पाहुण्याला त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली भेटवस्तू मिळते. ज्याला वर्षभर कोणीतरी टाकून दिलेल्या वस्तू वापराव्या लागतात त्याच्यासाठी खास निवडलेली वस्तू काय असते, हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १९८८ मध्ये व्हिया दांदोलो या रस्त्यावर संघटनेने कायमचे भोजनगृह उघडले. तिथे थाळी हातात धरून रांगेत उभे राहावे लागत नाही. पाहुणे टेबलाशी बसतात आणि स्वयंसेवक त्यांना वाढतात. पोप बेनेडिक्ट सोळावे २००९ च्या नाताळानंतर इथे येऊन याच पाहुण्यांच्या शेजारी बसून जेवले. रोमला ही परंपरा नवी नाही: सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले थोर ग्रेगरी रोज बारा गरिबांना आपल्या टेबलाशी जेवू घालत अशी आख्यायिका आहे, आणि ते टेबल म्हणून दाखवली जाणारी संगमरवरी शिळा चेलिओ टेकडीवरील त्यांच्या चर्चच्या आवारात आजही आहे.

१९९० पासून संघटना दरवर्षी एक खिशात मावणारी पुस्तिका काढते आणि ती रस्त्यावरच्या माणसांना फुकट वाटते. कुठे जेवावे, कुठे झोपावे, कुठे अंघोळ करावी, हे तिच्या शीर्षकातच आहे. भोजनगृहे, रात्रीचे निवारे, स्नानगृहे, दवाखाने, भाषावर्ग, कायदेशीर सल्ला यांचे पत्ते, वार आणि वेळा तिच्यात असतात. नामांकित उपाहारगृहांची यादी देणाऱ्या प्रसिद्ध फ्रेंच मार्गदर्शिकेवरून इटालियन वृत्तपत्रांनी तिला 'गरिबांची मिशेलँ' असे नाव दिले. पुस्तिकेतले पत्ते निरनिराळ्या संस्थांचे असतात, आणि शहरात किती हात मदतीला आहेत हे तीवरून एका नजरेत कळते.

या सेवेमागची श्रद्धा लपवलेली नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन येते. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्यासाठी जे केले ते आपल्यासाठीच केले असे येशू तिथे सांगतो, आणि हा उतारा सांत एजिदिओच्या कामाचा पाया मानावा लागेल. मात्र जेवणाच्या बदल्यात प्रार्थनेची अट घातली जात नाही; पाहुण्यांत मुसलमान असतात, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असतात, कशावरच विश्वास नसलेलेही असतात. भारतात ख्रिस्ती सेवेविषयी धर्मांतराची शंका वारंवार घेतली जाते, म्हणून हा तपशील नोंदवणे आवश्यक आहे. रोज संध्याकाळी संत मारियेच्या बॅसिलिकेत होणारी प्रार्थना सर्वांना खुली आहे. ज्याला यायचे तो येतो.

प्रश्नाचा आकार पाहिला तर स्वयंसेवेच्या मर्यादाही स्पष्ट होतात. इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने २०१४ साली भोजनगृहे आणि रात्रनिवारे यांचा वापर करणाऱ्या बेघरांची संख्या ५०,७२४ इतकी अंदाजली होती. २०२१ च्या जनगणनेत ९६,१९७ माणसे बेघर किंवा फिरस्ती म्हणून नोंदली गेली आणि त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा, २३ टक्के, एकट्या रोममध्ये होता. या दोन आकड्यांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे त्यांची वजाबाकी करून वाढ काढता येत नाही. दुसरा आकडा मुख्यतः नगरपालिकेत नोंद झालेल्यांचा, म्हणजे निदान कागदी पत्ता मिळालेल्यांचा आहे. ज्यांना तोही नाही ते या गणतीत नाहीत. इतक्या माणसांना स्वयंसेवक घरे देऊ शकत नाहीत, आणि त्यांच्या चांगुलपणावर विसंबून शासनाने परवडणाऱ्या घरांची आपली जबाबदारी सोडणे अन्यायाचे ठरेल. धर्मादाय सेवेवरचा हा आक्षेप जुना आहे आणि तो रास्तही आहे. परंतु ज्या रात्री थंडी पडते त्या रात्री गृहनिर्माणाचे धोरण उपयोगी पडत नाही: जानेवारी २०१७ च्या कडाक्यात त्रास्तेवेरे येथील संत कॅलिस्टस यांच्या चर्चमध्येच बेघरांसाठी खाटा मांडण्यात आल्या.

व्हॅटिकननेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. संत पीटरच्या चौकातील स्तंभरांगेपाशी २०१५ पासून बेघरांसाठी स्नानगृहे आहेत, आणि सोमवारी केशकर्तनालये बंद असतात म्हणून त्या दिवशी न्हावी तिथे येऊन मोफत केस कापून देतात. त्याच स्तंभरांगेला लागून असलेला 'पलात्सो मिल्योरी' हा एकोणिसाव्या शतकातील वाडा, तिथे राहणाऱ्या जोगिणी दुसरीकडे गेल्यावर, रिकामा झाला. जगातल्या सर्वांत जास्त भाविक येणाऱ्या जागांपैकी एका जागेजवळची ही वास्तू हॉटेलासाठी द्यावी असे कोणालाही सुचले असते. पोप फ्रान्सिस यांनी ती बेघरांसाठी राखली, नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचे उद्घाटन केले आणि चालवण्याचे काम सांत एजिदिओकडे सोपवले. तिथे सुमारे पन्नास जणांच्या झोपण्याची सोय आहे आणि संध्याकाळचा स्वयंपाक स्वयंसेवक करतात.

निवाऱ्याच्या पुढची पायरी म्हणून संघटना सहनिवासाची घरे चालवते. ज्यांचे निवृत्तिवेतन किंवा अपंगत्वाचा भत्ता एकट्याच्या भाड्याला पुरत नाही अशा थोड्या माणसांना एकत्र आणून एक सदनिका घेतली जाते, खर्च वाटून घेतला जातो आणि स्वयंसेवकांचे जाणे-येणे चालू राहते. हे काम संथ आहे, कारण वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या माणसाला दार आतून बंद करून झोपण्याची, दुसऱ्याबरोबर स्वयंपाकघर वाटून घेण्याची आणि महिन्याचा हिशेब ठेवण्याची पुन्हा सवय लावून घ्यावी लागते. त्यांच्यापैकी काही जण पुढे स्वतः संध्याकाळच्या फेरीत सामील होतात, आणि कोणत्या पुलाखाली कोण नवीन आले आहे याची बातमी बहुधा त्यांनाच सर्वांत आधी लागते.