अणुकेंद्रातील लंबक

मुहूर्त साधण्यासाठी आपल्याकडे घटिकापात्र मांडीत. बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. पण छिद्रात कचरा अडकला की घटिका लांबे. घड्याळ कोणतेही असो, त्याचे दुखणे हेच: ज्याच्या ठेक्यावर काळ मोजावयाचा, त्याला बाहेरचा उपद्रव लागता कामा नये.

१९६७ साली सेकंदाची व्याख्या सीझियम अणूवरून ठरली. हा अणू ज्या लहरींना साद देतो, त्यांची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. पुढे लेसर प्रकाशावर चालणारी प्रकाशीय घड्याळे झाली. त्यांतील उत्कृष्ट घड्याळ विश्वाच्या साऱ्या आयुष्यात सेकंदभरही चुकणार नाही. परंतु हा ठेका अणूच्या बाहेरच्या अंगाच्या इलेक्ट्रॉनांचा. आसपासची उष्णता, चुंबकत्व, वीज यांची झळ त्यांना लागते. मधले अणुकेंद्र अणूच्या सुमारे एक लक्षांश आकाराचे. आपल्या भुईकोट किल्ल्याबाहेर कितीही गलबला झाला तरी आतल्या खोलीतील समई हलत नाही, तसे ते सुरक्षित असते.

मग त्याचेच घड्याळ का करू नये? अडचण अशी की, अणुकेंद्राला जागे करण्यास बहुधा लेसरच्या हजारो-लाखोपट ऊर्जा लागते. थोरियम-२२९ हा एक अपवाद. त्याची चाहूल १९७६ साली लागली. २००३ मध्ये पाइक आणि टाम या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याच्या घड्याळाची कल्पना मांडली. प्रत्यक्ष लेसरने हे केंद्र चेतविले गेले ते २०२४ मध्ये, जर्मनी व व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञांच्या हातून. स्फटिकात बसविलेल्या थोरियमवर त्यांनी सुमारे १४८ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश टाकला. त्याच वर्षी अमेरिकेत जुन ये यांच्या गटाने प्रकाशीय घड्याळाशी ताडून ठेका मोजला: सेकंदाला सुमारे २० लाख २० हजार अब्ज कंपने.

हे थोरियम युरेनियम-२३३ च्या क्षयातून जन्मते. मुंबईच्या ट्रॉम्बे येथे १९८४ साली सुरू झालेली पूर्णिमा-२ ही अणुभट्टी त्याच युरेनियमवर चालली होती.

एवढ्या काटेकोरपणाचा उपयोग काय? नगर शहराहून कळसूबाईचे शिखर सुमारे हजार मीटर उंच. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे उंचावरचे घड्याळ जलद चालते. शिखरावरचे घड्याळ वर्षात सेकंदाच्या सुमारे साडेतीन दशलक्षांश भागाने पुढे जाईल. म्हणजे नेमके घड्याळ उंचीही मोजते. शिवाय अणुकेंद्राचा ठेका आणि इलेक्ट्रॉनांचा ठेका वर्षानुवर्षे ताडून पाहिले, तर निसर्गाचे स्थिरांक खरोखर स्थिर आहेत का, याची परीक्षा होईल. अणुकेंद्रीय घड्याळ अजून बाल्यावस्थेत आहे. आजच्या प्रकाशीय घड्याळांना ते गाठावयाचे आहे.

हा केवळ पंडितांचा विषय मात्र नव्हे. वाट दाखविणाऱ्या उपग्रहाच्या घड्याळात सेकंदाच्या एका दशलक्षांशाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकते. आपल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहातील तिन्ही परदेशी अणुघड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात मात्र स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसले. पुण्याच्या आयुकातही यटर्बियम आयनाचे प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम हाती घेतले आहे. घटिकापात्र आपले आपण घडवीत होतो. पुढचे घड्याळही आपल्याच हातचे असावे, ही अपेक्षा वावगी नाही.