पावणेसहा म्हणजे पावणेसहा!

रविवार. पहाटेचे पावणेसहा. अख्खं पुणं साखरझोपेत. झेड ब्रिजवर चक्क एकही कपल नाही! आणि खाली नदीपात्रातल्या रस्त्यावर मात्र सॉलिड गलका. एक लॅब्रेडॉर, दोन पग, एक जर्मन शेफर्ड, तीन इंडी (म्हणजे आपले अस्सल गावठी हो), आणि त्यांच्या पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकाला डोळे चोळत उभी असलेली त्यांची माणसं.

एप्रिल-मेमधला हा दर रविवारचा सीन. गेले दोन उन्हाळे मीही माझ्या चकलीला घेऊन जाते. गंमत म्हणजे इथे माणसांची नावं कुणालाच धड माहीत नाहीत. मोबाइलमध्ये सगळे 'ब्रूनोची आई', 'सिंबाचा बाबा', 'मोमोचा दादा' असेच सेव्ह केलेले. मी अर्थातच 'चकलीची ताई'. मध्यंतरी एका ऑफिसच्या कार्यक्रमात ब्रूनोची आई फॉर्मल कपड्यांत समोर आली. सोबत तिचे बॉस. "सर, ही... ही चकलीची ताई," एवढंच ती बोलू शकली. मी तरी कुठे तिचं नाव सांगू शकणार होते!

उन्हाळाच का, असं तुम्ही विचाराल. साधं कारण आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि हा रस्ता बंद. उन्हाळ्यात नदी आक्रसते, काठ मोकळा होतो. शिवाय इथे मेट्रोचे खांब आहेत. प्रत्येक खांबाची प्रत्येकाने हुंगून तपासणी केल्याशिवाय गँग पुढे सरकत नाही. आठ कुत्री, एक खांब... हिशोब तुम्हीच करा.

पण या ग्रुपचा खरा फंडा आहे तो वेळेचा. आणि तो आम्ही चांगलाच महागात शिकलो.

मागच्या वर्षीचा मे महिना. शनिवारी कुणाचं लग्न, कुणाची पार्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान झालं आणि 'साडेसातला भेटू' बहुमताने पास! मोमोचा दादा काहीच बोलला नाही. तो अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्रपाळी करतो, पहाटे पाचला मोकळा होतो. त्यामुळे आमच्यासाठी तो दोन तास जास्त जागा राहिला आणि मोमोला घेऊन आला. मोमो म्हणजे पग. 2003 मधल्या हचच्या जाहिरातीनंतर घरोघरी दिसायला लागलेलं तेच चपट्या नाकाचं, बटाट्यासारखं गोड ध्यान.

सव्वाआठला मोमो रस्त्यातच बसला. "दमला असेल," म्हणत दादाने त्याला उचलून छातीशी धरलं. आम्ही चक्क फोटो काढले! मग जर्मन शेफर्डवाल्या मावशींचं लक्ष गेलं. मोमोची जीभ गडद लाल, तोंडातून घट्ट लाळ आणि धाप थांबतच नव्हती. सिंबाच्या बाबाने व्हेटला फोन लावला. डॉक्टर ओरडलेच, "आधी पाणी ओता, मग इकडे या!" होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या मोमोच्या अंगावर रिकाम्या झाल्या. चहाच्या टपरीवरचा अख्खा जार आला. कुणी पेपरने वारा घालत होतं. मी ओला रुमाल त्याच्या पाठीवर पसरला, तर फोनवरूनच दम मिळाला: रुमाल गुंडाळून ठेवला की उष्णता आतच अडकते, ओलं अंग आणि वारा एवढंच पुरे. रिक्षावाल्या काकांनी भिजलेलं कुत्रं बघूनही नाक मुरडलं नाही. मीटरसुद्धा टाकला नाही.

क्लिनिकमध्ये मोमोचं अंग 105 फॅरनहाइट भरलं. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच 101 ते साधारण 102.5. आपल्यासारखा अंगभर घाम त्यांना येत नाही, पंजांना थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. आणि पगचं नाकच एवढंसं, त्यामुळे धापेचा उपयोग तो किती होणार! मोमो दोन दिवस सलाइनवर होता. वाचला. आमच्यापैकी कुणीही त्या फोटोंचा विषय पुन्हा काढलेला नाही.

तेव्हापासून मतदान बंद. पावणेसहा म्हणजे पावणेसहा, आणि सातला घरचा रस्ता. "मग संध्याकाळी भेटा ना," असा सल्ला नवीन येणारा प्रत्येक जण देतो. त्याला आम्ही खाली वाकायला लावतो. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघायची. मे महिन्यात सूर्य मावळल्यावरही ते डांबर चटके देतं. बूट आपण घालतो, चकली नाही.

नदीचं म्हणाल तर ती फक्त बघायची. ब्रूनो लॅब असल्यामुळे त्याला हे अजिबात मान्य नाही! पण मुठेत सांडपाणी मिसळतं, लेप्टोची भीती असते, आणि पाण्यावर जलपर्णी पसरलेली असली तर कुत्र्याला ती हिरवळच वाटते. म्हणून पट्टा सोडायचा नाही, प्यायचं पाणी घरून आणायचं, रेबीज आणि लेप्टोची लस घेतल्याशिवाय ग्रुपमध्ये नो एन्ट्री. घरी गेल्यावर कानामागे गोचीड बघायची. पात्रातल्या मूळ रहिवासी कुत्र्यांच्या हद्दीतून जाताना आवाज न करता, लांबून. हो, आणि पिशवी! फिरायला येणारे एक काका रोज ऐकवतात, "कुत्रं तुमचं ना? मग ते मागे राहिलेलंही तुमचंच."

44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झालं. त्यावरचे वाद तुम्ही वाचले असतीलच. आमची मागणी अगदी छोटी आहे, जमिनीपासून फूटभर उंचीवरची म्हणा ना: काँक्रीट कमी, माती जास्त आणि झाडं आहेत तिथेच राहू देत.

मोमो आता पुन्हा येतो. जरा हळू चालतो, दर दहा मिनिटांनी पाणी पितो. त्याचा दादा शिफ्ट संपवून घरी जातो आणि ऑफिसचं आयकार्ड गळ्यात तसंच ठेवून मोमोला घेऊन येतो. सात वाजता आम्ही सगळे इडली कुठे खायची यावर भांडत असतो, तेव्हा तो मोमोला कडेवर घेतो, मोठ्ठी जांभई देतो आणि हात हलवतो.

"चला, गुड नाइट!"